एकदा तयार झाले, मग सांभाळायचे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी मंडळाच्या वाचनालयातल्या दोन जुन्या संगणकांवर आम्ही लिनक्स बसवून दिले. तेव्हा ग्रंथपाल काकांनी विचारले होते, "तुम्ही चौघे म्हणे त्यातला एक भाग सांभाळता. एकदा प्रोग्रॅम तयार झाला की त्याला सांभाळायचे काय? तो काय आंबतो का?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आज बाप्पासमोर उत्तर देतो. हो काका, आंबतो.

आधी हा भाग कोणता ते सांगतो. संगणकाच्या पडद्यावर आपण चौकोन उघडतो, सरकवतो, लहानमोठे करतो, बंद करतो. कोणता चौकोन वर आणि कोणता मागे, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. विंडोजमध्ये तो आतच असतो, बदलता येत नाही. लिनक्सवर असे अनेक आहेत आणि आपल्या आवडीचा घेता येतो. आमचा ओपनबॉक्स. तो अगदी हलका आहे, म्हणून जुन्या यंत्रावरही सुखाने चालतो. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या पडद्यामागेही अनेक वर्षे तोच होता.

ओपनबॉक्स आम्ही लिहिलेला नाही. त्याची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ साली निघाली आणि त्यानंतर अधिकृत आवृत्ती निघालेली नाही. आम्ही सांभाळतो ते त्याचे एक पॅकेज. आर्च नावाची लिनक्सची एक जात आहे. तिच्या वापरकर्त्यांनी मिळून चालवलेले एक भांडार आहे, आर्च युजर रिपॉझिटरी. त्यात तयार पदार्थ नसतो, कृती असते. मूळ प्रोग्रॅम कुठून आणायचा, तो अस्सल आहे हे कसे तपासायचे, सोबत कोणते सुटे भाग लागतात, कोणत्या दुरुस्त्या लावायच्या, कसे बांधायचे. कृती आमची, स्वयंपाक ज्याच्या त्याच्या घरी.

बडोदेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि राज्यभर सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तके विकत आणणे हा त्यातला सोपा भाग. नोंद ठेवणे, बांधणी करणे, वाळवी पाहणे, हरवलेले शोधणे, हे काम कुणाला दिसत नाही आणि ते कधी संपतही नाही. आमचे काम त्या जातीचे.

आता आंबण्याचे उदाहरण. ओपनबॉक्स दुसऱ्यांनी बनवलेल्या अनेक सुट्या भागांवर उभा आहे. जीलिब हा त्यातला एक. मार्च २०२३ मध्ये जीलिबची २.७६ ही आवृत्ती आली आणि अनेकांकडे ओपनबॉक्स काम करता करता कोसळू लागला. ओपनबॉक्सची एक ओळही बदललेली नव्हती. मग झाले काय? पंगतीत वाढपी पानांच्या रांगेवरून चालला आहे आणि तो चालत असतानाच कुणी पाने उचलून दुसरीकडे मांडतो आहे, असा प्रकार होता. ओपनबॉक्स आपल्या खिडक्यांच्या यादीवरून चालत असे आणि त्या चालण्यातच यादी बदलत असे. पुढच्या पावलाचा पत्ता रिकाम्या केलेल्या जागेचा निघे. पूर्वी त्या जागेतला जुना मजकूर बहुधा तसाच पडून असायचा, त्यामुळे चुकीचे पाऊलही बरोबर पडायचे. जीलिबने स्मृतीची जागा वापरण्याची आपली पद्धत बदलली आणि कित्येक वर्षे झाकलेली चूक उघडी पडली. उपाय लहानसा होता. आधी यादीची नक्कल करायची आणि नकलेवरून चालायचे.

ही दुरुस्ती मूळ प्रकल्पाच्या भांडारात झाली, पण नवी आवृत्ती काही निघाली नाही. म्हणजे जगभर जे जे ओपनबॉक्सचे पॅकेज सांभाळतात, त्यांनी आपापल्या पॅकेजमध्ये ती स्वतः लावायची. ज्या पॅकेजला कुणी वालीच नव्हता, त्याचे वापरकर्ते कोसळणारा पडदा बघत बसले.

आमच्याकडचे पॅकेज असेच बेवारस होते. त्या भांडारात सांभाळणाऱ्याने काम सोडले की पॅकेज अनाथ म्हणून नोंदले जाते. मग कुणीही खातेदार एक बटण दाबून ते दत्तक घेऊ शकतो. आम्ही तसेच घेतले. ओळखपत्र नाही, मुलाखत नाही. आनंद झालाच, पण रात्री भीतीही वाटली. इतके सोपे असेल तर वाईट हेतूचा माणूसही घेऊ शकतो. आणि तसे घडलेले आहे. जुलै २०१८ मध्ये याच भांडारातले पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅमचे एक अनाथ पॅकेज कुणीतरी दत्तक घेतले आणि त्याच्या कृतीत घातक ओळी घुसडल्या. लवकर लक्षात आले म्हणून निभावले. तेव्हापासून आम्ही नियम केला की एकाने केलेला बदल दुसऱ्याने ओळ न ओळ वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तरीही चूक झालीच, आणि ती आमचीच. मेन्यूत नावाशेजारी लहान चित्रे दिसतात, त्यासाठी इमलिब नावाचा एक भाग लागतो. कृती नीटनेटकी करताना तो यादीत लिहायचा राहिला. आमच्या यंत्रांवर तो आधीपासून होता, त्यामुळे आमच्याकडे सगळे ठीक चालले. दुसऱ्यांकडे बांधणीने तक्रारही केली नाही, मुकाट्याने चित्रे वगळली. एका अनोळखी गृहस्थांनी लिहिले की, वडील अक्षरे नीट वाचू शकत नाहीत, चित्र बघून प्रोग्रॅम उघडतात, आणि कालपासून ते संगणकापाशी नुसते बसून आहेत. आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त केले, पण ते वाक्य मनातून गेले नाही. त्या दिवसापर्यंत आमच्या लेखी वापरणारे म्हणजे एक आकडा होता. आता प्रत्येक बदल आम्ही अगदी कोऱ्या, रिकाम्या व्यवस्थेत बांधून बघतो. आपल्या घरात मीठ आहे म्हणून कृतीत मीठ लिहायचे नाही, असे चालत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. आम्ही चौघे होतो. एक पुण्याला गेला, एक बंगळूरला. त्यांचे हात आता क्वचित लागतात. उरलो दोघे, आणि दोघांच्याही नोकऱ्या, घरे आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फार ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट सापडली. तो कित्येक वर्षे प्रामुख्याने एकच माणूस फुकट सांभाळत होता आणि थकला होता. मदतीला आलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मग ती वाट आत पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून ती उघडकीस आली. ही बातमी वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. चोराच्या हुशारीपेक्षा त्या सांभाळणाऱ्याचे एकटेपण आम्हाला जास्त ओळखीचे वाटले.

म्हणून आज मंडळापुढे मागणे आहे. आम्हाला दोन सोबती हवेत. प्रोग्रॅमिंग आलेच पाहिजे असे नाही. आलेल्या तक्रारी वाचणे, नवा बदल जुन्या यंत्रावर चालवून बघणे, काय केले ते स्वच्छ लिहून ठेवणे, हे चिकाटी असलेल्या कुणालाही जमेल. मराठी शाळेतून हिशेब तपासून निवृत्त झालेल्या मावशी आमच्यापेक्षा बारकाईने वाचतील, याची आम्हाला खात्री आहे.

हे काम कायमचे नाही, हेही सांगायला हवे. पडदा रंगवण्याची जुनी एक्स ही व्यवस्था मागे पडते आहे आणि तिच्या जागी वेलँड येते आहे. ओपनबॉक्स एक्सवरच चालतो. त्याच्या वळणावर बेतलेला लॅबडब्ल्यूसी नावाचा नवा गडी तयार आहे आणि २०२४ पासून रास्पबेरी पायवर तोच आला आहे. आमच्या पॅकेजची गरज एक दिवस संपेल. तो दिवस आला की वापरणाऱ्यांना आधी सांगून, पुढची वाट दाखवून ते बंद करायचे, मध्येच टाकून जायचे नाही. तोवर दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही वाचनालयातल्या त्या दोन संगणकांपाशी असतो. काका चहा पाजतात. जरूर या.

गणपती बाप्पा मोरया!