बगळ्याचं ध्यान आणि आपला कॅमेरा

'बकध्यान' हा शब्द आपण कधी चांगल्या अर्थानं वापरत नाही. वरून साधू आणि आतून लबाड अशा माणसासाठी तो राखून ठेवलेला आहे. बगळा बिचारा पोटासाठी उभा असतो, नाव मात्र त्याचं खराब!

गेली काही वर्षं हिवाळ्यात मी कॅमेरा घेऊन पुणे जिल्ह्यातल्या भिगवणजवळ जातो. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा तिथपर्यंत पोचतो. बहुतेक मंडळी येतात ती रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला. मी बसतो काठावरच्या लहान बगळ्यासमोर.

हा बगळा ओळखायला सोपा. अंग पांढरंशुभ्र, चोच काळी, पाय काळे आणि पायाची बोटं तेवढी पिवळी, जणू मोजे घातले आहेत. गुरांमागे फिरणारा गायबगळा वेगळा. त्याची चोच पिवळी असते. लहान बगळा उथळ पाण्यात एक पाय पुढे टाकतो आणि तळाचा चिखल थरथर हलवतो. दडलेले छोटे मासे, किडे त्यानं बिथरून बाहेर येतात. म्हणजे हे नुसतं ध्यान नव्हे, यात कष्टही आहेत.

मग मान आखडते. बगळ्याच्या मानेची घडी मणक्यांच्या खास रचनेमुळे पडते आणि तीच घडी उलगडून चोच सुटते. त्यातही एक अडचण असते. पाण्यात बुडवलेली काठी जशी वाकडी दिसते, तसा मासाही असतो त्याहून थोडा वर दिसतो. दिसतो तिथंच चोच मारली, तर ती हुकणार. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की बगळे हा फरक जमेस धरून नेम साधतात. तरीही सगळे नेम लागत नाहीत. मी पाहिलंय, कितीदा तरी चोच रिकामी वर येते. तो मान झटकतो, दोन पावलं सरकतो आणि पुन्हा उभा राहतो.

हा क्षण कॅमेऱ्यात पकडायचा, तर शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका ठेवावा लागतो. पांढरी पिसं उन्हात फोटोत नुसता पांढरा डाग होऊन बसतात, म्हणून प्रकाश थोडा कमी घ्यायचा. सकाळचं कोवळं ऊन, पाठीमागे सूर्य आणि कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर. बाकी सगळं काम बसून राहण्याचं.

आणि इथंच खरी गोष्ट आहे. "अजून थोडं जवळ घ्या ना," असा आग्रह होडीवाल्याला होतो. होडी पुढे सरकते, बगळा उडतो, उडतानाचा फोटो छान येतो. पण पाय हलवून, दबा धरून त्यानं जमवून आणलेली शिकार गेली. दिवसभरात अशा किती होड्या येतात! रिकाम्या पोटी उडायलाही ताकद लागतेच.

एके काळी या पक्ष्याचं सौंदर्यच त्याच्या जिवावर उठलं होतं. विणीच्या हंगामात त्याच्या पाठीवर नाजूक, झालरीसारखी पिसं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची ही पिसं विकली जात आणि त्यापायी असंख्य बगळे मारले गेले. पिसं येतात तो काळ पिल्लांचा; आईबाप मेले, की घरट्यातली पिल्लंही उपाशी मरत. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली, तर ब्रिटनमध्ये त्यांची आयात रोखणारा कायदा १९२१ मध्ये झाला.

आज आपल्या हातात बंदूक नाही, कॅमेरा आहे. तो निरुपद्रवी ठरावा एवढी काळजी तर आपण घेऊ शकतो. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला, की थांबायचं. होडीवाल्याला आपणच सांगायचं, "दादा, इथूनच बरं दिसतंय." घरट्यांच्या झाडाजवळ तर जायचंच नाही. लांबून काढलेल्या फोटोत बगळा लहान दिसेल, दिसू दे. त्याच्या चोचीत मासा असेल, तर तो फोटो मला जास्त आवडतो.