साडेपस्तीसातला अर्धा : अणूची घडण व समस्थानिके



अणूची घडण हा पाठ वरच्या वर्गांत बहुधा दोन तासांत उरकला जातो. फळ्यावर एक वर्तुळ निघते, मध्यभागी ठिपका, भोवती इलेक्ट्रॉनांच्या कक्षा. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन ही नावे मुले वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. पुढे केव्हातरी मूलद्रव्यांचा तक्ता समोर येतो, आणि त्यात क्लोरीनसमोर 35.5 हा अणुभार आढळतो. एखादी चौकस मुलगी तो आकडा पाहून उभी राहते व विचारते, "गुरुजी, प्रोटॉनचा भार एक, न्यूट्रॉनचा भारही एक, मग हा अर्धा कुठला?"

"तो आकडा तसाच आहे, पाठ कर," असे सांगून तिला खाली बसविता येते. पुष्कळदा तसेच घडते, आणि त्याबद्दल शिक्षकालाच सर्वस्वी दोष देणे रास्त नाही. त्याच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतही हा अर्धा कुणी उलगडून दाखविलेला नसतो. परंतु याच अर्ध्यापाशी युरोपातील नामांकित रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षे अडून बसले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या मुलीला खाली बसविण्याचा धीर होणार नाही.

आधुनिक अणुकल्पनेचा जनक जॉन डाल्टन हा इंग्लंडमधील एका खेड्यात जन्मलेला गरीब घरचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षापासून तो गावच्या शाळेत शिकवू लागला होता, ही गोष्ट ग्रामीण शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावी. 1808 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले की, एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारखे व सारख्याच भाराचे असतात. पुढे 1815 साली विल्यम प्राउट या लंडनच्या वैद्याने, सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत, म्हणजे हायड्रोजन हाच सर्वांचा मूळ घटक असावा, असे सुचविले. कल्पना मोठी मोहक होती. कार्बन 12, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16 हे आकडे तिच्या बाजूने साक्ष देत होते. पण क्लोरीन वाटेत आडवा आला. कितीही काळजीपूर्वक तोलला तरी त्याचा भार 35 होईना आणि 36 होईना. बेल्जियममधील जाँ स्टास याने, प्राउटचे म्हणणे खरे ठरेल अशा विश्वासाने 1860 च्या सुमारास अत्यंत काटेकोर मोजणी केली, आणि शेवटी ती कल्पना म्हणजे निव्वळ भ्रम आहे असा निर्णय दिला.

स्टासच्या तराजूत चूक नव्हती. तराजूला जे विचारता येत नाही ते तो विचारीत होता, एवढेच.

दरम्यान अणूचे अंतरंग हळूहळू उघडे पडत होते. 1897 साली जे. जे. थॉमसन याने इलेक्ट्रॉन ओळखला. 1909 साली मँचेस्टर येथे रदरफर्डच्या हाताखाली गायगर व मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ वर्खावर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक सर्व कण सरळ आरपार गेले, आणि फारच थोडे माघारी उलटले. अणू बहुतांशी पोकळ असून त्याचा जवळजवळ सर्व भार मध्यभागीच्या अत्यल्प जागेत एकवटलेला आहे, असा अर्थ रदरफर्डने 1911 साली त्यातून काढला. त्या मध्यभागालाच केंद्रक म्हणतात. फळ्यावरील आकृतीने या पोकळीची कल्पना मुळीच येत नाही. शाळेच्या अंगणात मोहरीचा एक दाणा ठेवून तो केंद्रक मानला, तर अणूची कड सुमारे शंभर मीटर दूर, बहुधा कुंपणापलीकडे जाईल. मुलांना तेवढे अंतर चालवूनच आणावे.

1913 साली हेन्री मोझली या तरुणाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की, मूलद्रव्याची ओळख त्याच्या भारावर अवलंबून नसून केंद्रकावरील धन विद्युत्भाराच्या संख्येवर, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनांच्या संख्येवर अवलंबून असते. हाच अणुक्रमांक होय. क्लोरीनचा अणुक्रमांक 17. केंद्रकात 17 प्रोटॉन असतील तर तो क्लोरीन, एक कमी झाला तर गंधक, एक वाढला तर आरगॉन. यात तडजोड नाही. मोझली ऑगस्ट 1915 मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. त्या वेळी त्याचे वय अवघे 27 वर्षांचे होते.

त्याच 1913 साली ग्लासगो येथे फ्रेडरिक सॉडी दुसऱ्याच पेचात होता. किरणोत्सारी पदार्थांवर काम करताना असे दिसून येई की, मेसोथोरियम नावाचा पदार्थ रेडियममध्ये एकदा मिसळला की कोणत्याही रासायनिक क्रियेने तो पुन्हा वेगळा होत नाही. भार वेगळा, किरण सोडण्याची रीत वेगळी, पण रासायनिक वागणूक एकच. सॉडीने धिटाईने निष्कर्ष काढला : हे दोन पदार्थ एकाच मूलद्रव्याचे दोन प्रकार आहेत, आणि तक्त्यात त्यांचे स्थान एकच आहे. अशा प्रकारांना 'आयसोटोप' म्हणावे असे त्याला मार्गारेट टॉड या डॉक्टर व लेखिका असलेल्या विदुषीने सुचविले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'सम स्थान' असा आहे, आणि मराठीतील 'समस्थानिक' हा शब्द त्याला तंतोतंत उतरला आहे. आपल्या शास्त्रीय परिभाषेतील पुष्कळ शब्द मुलांना नुसते ओझे वाटतात. हा मात्र फोड करून सांगितला की स्वतःच अर्थ बोलतो.

किरणोत्सारी पदार्थांचे ठीक, पण साध्या, स्थिर मूलद्रव्यांतही असे प्रकार असतात काय? केंब्रिजमध्ये थॉमसनने निऑन वायूच्या विद्युत्भारित अणूंचा झोत चुंबकीय व विद्युत् क्षेत्रांतून नेला, तेव्हा काचेवर 20 या भाराच्या खुणेबरोबर 22 या भाराचीही एक फिकट खूण उमटली. त्याचा सहकारी फ्रान्सिस ॲस्टन याने 1919 साली हे यंत्र पुष्कळच सुधारले. त्याचे तत्त्व खेड्यातील मुलाला उफणणीवरून चटकन समजते. खळ्यावर पाटीतून धान्य सोडले की वारा हलका भुसा दूर नेतो आणि जड दाणा जवळच पडतो. ॲस्टनच्या यंत्रात वाऱ्याच्या जागी विद्युत् व चुंबकीय बल होते; हलका अणू अधिक वळे, जड अणू कमी. त्याने त्यातून क्लोरीन सोडला. 35 वर रेषा उमटली, 37 वर उमटली, आणि 35.5 च्या जागी काच कोरी राहिली. साडेपस्तीस भाराचा क्लोरीनचा अणू जगात नाहीच!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळता येईल. शिक्षकाने 142 चिंचोके जमवावेत आणि त्यांपैकी 68 ओल्या खडूने पांढरे करावेत. कागदाच्या चार पुड्या बांधाव्यात. प्रत्येक पुडीत पांढरे चिंचोके 17 च घालावेत. तीन पुड्यांत साधे चिंचोके 18 आणि चौथीत 20 घालावेत. पुड्या न उघडता मुलांना एवढेच सांगावे की, चारही पुड्यांत मिळून 142 चिंचोके आहेत; तर एका पुडीत किती? मुले भागाकार करून साडेपस्तीस हे उत्तर देतील. मग विचारावे, "अर्धा चिंचोका कोणत्या पुडीत आहे?" पुड्या उघडाव्यात आणि मुलांनाच मोजू द्यावे. तीन पुड्यांत 35, एकीत 37, अर्धा कुठेच नाही. आणि पांढरे मात्र सगळीकडे 17. पांढरे चिंचोके म्हणजे प्रोटॉन, साधे म्हणजे न्यूट्रॉन. स्टासला पुड्या उघडता येत नव्हत्या. कोट्यवधी पुड्या एकदम तराजूत टाकून त्याला सरासरी तेवढी कळत होती. ॲस्टनने पुड्या एकेक करून तोलल्या. (या साध्या चिंचोक्यांची, म्हणजे न्यूट्रॉनची, ओळख मात्र त्यालाही 1919 साली नव्हती, ती 1932 साली चॅडविकने करून दिली.)

निसर्गातील क्लोरीनमध्ये 35 भारांकाचे अणू शेकडा सुमारे 76 आणि 37 भारांकाचे सुमारे 24 असतात. चिंचोक्यांचे तीनास एक हे प्रमाण त्याच्या अगदी जवळचे आहे. काटेकोर अणुभार 35.45 येतो, कारण प्रोटॉन व न्यूट्रॉन केंद्रकात घट्ट बांधले जाताना त्यांच्या भाराचा अत्यल्प अंश ऊर्जारूपाने बाहेर पडतो, आणि म्हणून प्रत्येक समस्थानिक पूर्णांकापेक्षा किंचित हलके भरते. एवढे सोडले तर प्राउट बराचसा बरोबर होता. त्याचा पुरावा त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी हाती आला.

"मग 36 ची पुडी का नाही?" असेही कुणी विचारील. ती आहे, पण क्लोरीन-36 किरणोत्सारी असून निसर्गात केवळ लेशमात्र आढळते. त्याचा निम्मा साठा विघटन पावण्यास सुमारे तीन लाख वर्षे लागतात.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे भाग आहे. समस्थानिक हा शब्द वर्तमानपत्रांतून अणुबाँब व अणुभट्टी यांच्या सोबतीने कानावर येत असल्यामुळे, समस्थानिक म्हणजे किरण सोडणारा घातक पदार्थ अशी समजूत होते. वस्तुतः जेवणातल्या मिठात क्लोरीनची दोन्ही स्थिर समस्थानिके रोज पोटात जातात. किरणोत्सारी समस्थानिकांविषयीही नेमके बोलावे. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली उभारलेल्या केंद्रात, कोंब फुटू नयेत म्हणून कांद्यांवर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडण्याची सोय झाली. तेव्हा कांदाच किरणोत्सारी होतो काय, अशी शंका मुलांच्याच नव्हे, पालकांच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. त्या किरणांची ऊर्जा कांद्यातील अणूंची केंद्रके बदलण्याइतकी नसते, आणि कोबाल्ट स्वतः बंद नळ्यांत असतो, त्याचा कांद्याला स्पर्शही होत नाही. निसर्गातील कोबाल्ट केवळ 59 भारांकाचा असतो. अणुभट्टीत त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरला की तो 60 होतो. प्रोटॉन 27 च राहतात, म्हणून नाव कोबाल्टच राहते. पुढे त्यातील एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते, 27 चे 28 होतात, आणि मग मात्र तो कोबाल्ट उरत नाही, निकेल होतो. सव्वापाच वर्षांत निम्मे अणू या वाटेने जातात.

पाठानंतर मुलांना स्वतंत्रपणे सोडविण्यासाठी बोरॉनचे उदाहरण द्यावे. सोनार डाग देताना वापरतो त्या टाकणखारात हे मूलद्रव्य असते. त्याचा अणुक्रमांक 5, अणुभार 10.8, आणि स्थिर समस्थानिके दोनच, 10 व 11 भारांकाची. पाच पुड्या घेतल्या तर कोणत्या भाराच्या किती घ्याव्यात, हे मुलांनी आधी अंदाजाने सांगावे व मग पडताळून पाहावे. 10 ची एक आणि 11 च्या चार, एकूण 54, असे उत्तर येईल. निसर्गातही हेच प्रमाण आहे. सोनाराच्या मुशीत ही दोन्ही समस्थानिके सारखीच वागतात. अणुभट्टीत मात्र 10 भारांकाचे बोरॉन न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते आणि 11 चे त्यांना जवळजवळ शिवतही नाही; म्हणून अणुभट्टीचा वेग आवरणाऱ्या दांड्यांसाठी बोरॉन वापरतात तेव्हा त्यातील 10 चे प्रमाण मुद्दाम वाढवून घेण्याची रीत आहे.