घरच्या संगणकाचा पहारेकरी

होळकरांच्या छत्र्यांशेजारच्या छत्रीबागेतही बँकेचे व्यवहार नि नातवंडांची छायाचित्रे आता घरच्या संगणकात एकत्र नांदतात. पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ सिद्ध केले, तेव्हा विषाणू बहुधा फ्लॉपीतून येत. आज ते इंटरनेटवरून येतात. म्हणून अँटिव्हायरस रोज अद्ययावत होतो काय, हे प्रथम पाहावे. ‘आयकार’ ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाईल पहारेकरी जागा आहे एवढेच सांगते. तो हुशार आहे काय, हे नव्हे. त्यासाठी इन्सब्रुकच्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ज’सारख्या स्वतंत्र संस्थांचे निष्कर्ष वाचावेत. निर्दोष फाईलींवर किती वेळा खोटा आळ आला, हेही त्यांत दिलेले असते. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ मुळातच आहे. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी अधिक काय मिळणार, हे विचारणे अगत्याचे होय. छायाचित्रांची प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर ठेवावीच.