केसाचे घरटे

आज मी अशा एका दुखण्याविषयी बोलणार आहे, ज्याचे नाव घरातही कोणी मोठ्याने घेत नाही. 'पायलोनिडल सायनस' हे ते दुखणे. सायनस म्हटले की आपल्याला नाक आठवते. येथे मात्र अर्थ आहे कातडीखाली तयार झालेली बोगद्यासारखी वाट. लॅटिन भाषेत 'पायलस' म्हणजे केस आणि 'नायडस' म्हणजे घरटे. हॉजेस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1880 मध्ये हे नाव दिले. कवी म्हणून मला ते नाव आवडते. दुखणे मात्र मी भोगले आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माकडहाडाजवळ, दोन्ही नितंबांमधल्या खाचेत गाठ आली. बसवेना. ती फुटली, पू वाहिला, बरे वाटले. महिन्याभराने पुन्हा तेच. घरी सांगायची लाज वाटली. कपड्याला पू लागतो, मग नमाज कशी पढावी, म्हणून जुम्म्यालाही जाणे सोडले. कोणीतरी 'मूळव्याध आहे' म्हणून लेप दिला, त्यात सहा महिने गेले. परीक्षाही हुकली. शेवटी सौंदडच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांनीच बाजूला घेऊन विचारले. ऐकून म्हणाले, "बेटा, आजारी माणसाला नमाजेत सवलत आहे. इलाज टाळायची सवलत नाही." त्याच आठवड्यात अब्बांनी मला नागपूरला नेले.

हे होते कसे? गळून पडलेला केस खाचेत अडकतो. बसण्याचा दाब, घर्षण आणि घाम यांमुळे तो सुईसारखा कातडीत शिरतो. शरीर त्याला परका मानते, भोवती सूज येते, पू होतो. हा दोष जन्मजात असावा, असे पूर्वी मानत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सत्तर हजारांहून अधिक सैनिकांना या दुखण्यासाठी इस्पितळात राहावे लागले. बुई या डॉक्टरांनी 1944 मध्ये त्याला 'जीपचा रोग' म्हटले. कारण खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये तासन्‌तास बसणे. केशकर्तन करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यातही असाच सायनस होतो, आणि आत गिऱ्हाइकाचे केस सापडतात! म्हणजे केस बाहेरून शिरतो, हे स्पष्टच झाले.

आमचे सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकलवर दिवस काढणारी तरुण पोरे रोज दिसतात. हे दुखणे बहुधा पंधरा ते तीस वर्षे वयात, मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते. दाट, राठ केस आणि स्थूलपणा असेल तर शक्यता वाढते. मूळव्याध आणि भगंदर हे गुदद्वाराचे विकार. यातली छिद्रे त्याच्या वर, खाचेच्या मध्यरेषेवर असतात. तपासून घेतल्याशिवाय लेप लावू नये.

उपचार काय? नुसतीच छिद्रे असून त्रास नसेल, तर जागा स्वच्छ ठेवणे आणि केस काढणे अनेकदा पुरते. गळू झाले तर चीर देऊन पू काढावा लागतो. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर शस्त्रक्रिया. जखम उघडी ठेवली तर भरायला कित्येक आठवडे लागतात, रोज पट्टी करावी लागते. खोल खाचेत मधोमध घातलेले टाके नीट भरून येत नाहीत. म्हणून ग्रीसचे कॅरिडाकिस आणि रशियाचे लिंबर्ग यांच्या पद्धतींत टाके मध्यरेषेच्या बाजूला आणतात, त्यामुळे दुखणे उलटण्याची शक्यता कमी होते. छोट्या सायनसला आता लहान छिद्रातून किंवा लेझरने केलेले उपचारही आहेत. आपल्या सुश्रुतसंहितेत नाडीव्रणासाठी क्षारसूत्र सांगितले आहे, आणि प्रशिक्षित आयुर्वेद शल्यचिकित्सक आजही ते वापरतात. कोणता उपचार, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

नंतर काळजी हवी. तेथील केस वाढू देऊ नयेत, वजन आटोक्यात ठेवावे, विडी-सिगारेट सोडावी, तासाभराने उठून चार पावले चालावे.

आईबापांनो, तरुण मुलगा एका बाजूला कलून बसतो आहे, स्वतःचे कपडे लपून धुतो आहे, असे दिसले तर रागावू नका. प्रेमाने विचारा. माझे वर्ष वाया घालवले ते केसाने नव्हे, लाजेने. केस डॉक्टर काढू शकतात. लाज मात्र आपली आपल्यालाच काढावी लागते.