विज्ञानकथांतील अलभ्य द्रव्यें आणि आपलें वऱ्हाड



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. जें द्रव्य सृष्टींत कोठेंच नाहीं, ज्याचा गुंजभर तुकडाही कोणी पाहिला नाहीं, त्याविषयीं बोलावयाचें तरी काय? पण परीस तरी कोणी पाहिला आहे? तरीही तो आपल्या भाषेंत शतकानुशतकें नांदतो आहे. परिसा भागवताची कथा आपणांस ठाऊक आहेच. रुक्मिणीच्या कृपेनें त्यास परीस लाभला. त्याच्या पत्नीनें तो नामदेवांच्या राजाईस दिला. आणि नामदेवांनीं तो उचलून चंद्रभागेंत टाकला. परिसा भागवत आक्रोश करूं लागला तेव्हां नामदेवांनीं नदींतून ओंजळभर खडे काढून त्याच्यापुढें धरले. ते सारेच परीस! एकाच घरीं होता तोंवर त्या दगडाचें अप्रूप. ओंजळभर निघतांच तें संपलें. कथेंतील भक्तीचा भाग अर्थात् मोठा आहे, परंतु आज मला हा दुसरा भाग हवा आहे.

पाश्चात्त्य विज्ञानकथाकारांनीं असे अनेक परीस निर्माण केले. एच. जी. वेल्स यांनीं १९०१ सालीं चंद्रावर गेलेल्या पहिल्या माणसांची कादंबरी लिहिली. तींत ‘कॅव्होराइट’ नांवाचें द्रव्य आहे. त्याचा पडदा मध्यें धरला कीं गुरुत्वाकर्षण अडतें. त्या बळावर दोघे इंग्रज चंद्रावर जातात, आणि तेथें सोनें विपुल आहे असें दिसतांच त्यांपैकीं एकाच्या मनांत व्यापार शिरतो. ज्यूल व्हर्न यांच्या मृत्यूनंतर, १९०८ सालीं, प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरींत सोन्याची उल्का पृथ्वीभोंवतीं फिरूं लागते, आणि ती खालीं येण्याआधींच सगळीकडे लोभाचें थैमान सुरू होतें. आपल्या लोणारास उल्का पडली ती सोन्याची नव्हती, हें एका परीनें बरेंच झालें! २००९ सालच्या ‘अवतार’ या चित्रपटांतील खनिजाचें नांवच मुळीं ‘अनऑब्टेनियम’, म्हणजे ‘न मिळणारें’ असें आहे. ही अभियंत्यांची जुनी थट्टा. नांव शोधण्याचा त्रास मात्र वांचला.

या सर्वांत मला महत्त्वाचें वाटतें तें फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या १९६५ सालच्या कादंबरींतील द्रव्य. त्यास ‘मेलांज’ म्हणतात, पण बोलण्यांत सारे त्याला नुसता मसालाच म्हणतात. त्यानें आयुष्य वाढतें, दृष्टि भविष्यांत शिरते, आणि त्याच्याविना ताऱ्यांमधील दळणवळण बंद पडतें. सगळ्या विश्वांत तो एकाच ठिकाणीं निपजतो, तो म्हणजे अराकिस नांवाचा वाळवंटी ग्रह. सम्राट् तो ग्रह एका सरदार घराण्याकडून काढून दुसऱ्यास देतो, आणि तेथूनच कथानक पेटतें. ज्यांची ती भूमि, त्या फ्रेमेन लोकांस या देवघेवींत कोणीही विचारीत नाहीं.

माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. सेवानिवृत्तीनंतर शब्दकोश जवळ घेऊन मीं हें पुस्तक वाचलें. पुष्कळ टीकाकारांस त्यांत अरबस्तानचें खनिज तेल दिसतें, आणि तें खरेंही आहे. परंतु मी वऱ्हाडचा. मला त्यांत कापूस दिसला.

पाहा ना. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या पगाराची बाकी थकली, म्हणून १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें. १९०२ सालीं तोच मुलूख सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला. देणारा एक, घेणारा दुसरा. अमरावती-अकोल्याच्या कुणब्याची सही कोठेंही नाहीं. मधल्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, १८६१ ते १८६५. दक्षिणेकडील बंदरें कोंडलीं गेलीं, लँकेशायरच्या गिरण्यांस रुई मिळेना, आणि आपल्या काळ्या जमिनींतील बोंड एकाएकीं जगाला हवेंसें झालें. अकोला-बडनेऱ्यावरून जाणारी आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. तीन वर्षांनीं खामगांवाची शाखा खुली करावयास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. वऱ्हाडी रुईस परदेशच्या बाजारांत ‘उमरा’ म्हणत. हें उमरावतीचें, म्हणजे आपल्या अमरावतीचेंच, तोडलेलें नांव. गांवाचें नांव मालाला मिळालें. युद्ध संपलें, भाव गडगडले, मुंबईचे सट्टेवाले बुडाले; वऱ्हाडांत मात्र कपाशी राहिली आणि तिच्या मागोमाग सावकाराची वहीही राहिली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानानें सांगतों. कुऱ्हाड कोणाच्या हातीं होती, हें विचारीत नाहीं. गेल्या तीस वर्षांत याच पट्ट्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या वार्ता येत राहिल्या, त्या वाचतांना हा प्रश्न मला फार छळतो.

हर्बर्ट यांचा एक दोष मला खटकतो. फ्रेमेन लोकांचा उद्धार करावयास त्यांनीं बाहेरचाच एक राजपुत्र आणिला आहे. पुढील भागांत त्या उद्धाराची कडू फळें त्यांनीं दाखविलीं, हें खरें. पण पहिलें पुस्तक मिटतांना वाचक राजपुत्राच्याच मागें गेलेला असतो.

त्यांची खरी बुद्धि मला पाण्याच्या वर्णनांत दिसते. अराकिसवर मसाल्याहूनही पाणी दुर्मिळ. तेथें एखादा समोर थुंकला तर तो आदर समजावयाचा. त्यानें अंगचा ओलावा दान केला! आपल्याकडे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथें विहिरीला पाणी असतें, पण तें घशाखालीं उतरत नाहीं. गोडें पाणी कोठून येतें, याची चौकशी करूनच त्या भागांत पूर्वीं सोयरीक जुळवीत.

त्याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून अकोला जिल्ह्यांतील दहीहंड्याकडे एके काळीं मीठ निघे. इंग्रजी अमलांत तो धंदा बंद पडला. मीठ पायांखालीं, आणि विकत घ्यावयाचें सरकारी कर भरून! नामदेवांनीं ओंजळ भरून दाखविली होती. येथें भरलेली ओंजळ कायद्यानें रिती केली. म्हणून १९३० सालच्या एप्रिलांत, समुद्र शेंकडों मैल दूर असतांना, वऱ्हाडच्या सत्याग्रहींनीं दहीहंड्याच्या विहिरींचें पाणी उकळून मीठ केलें. असें द्रव्य एकाही विज्ञानकथाकारास सुचलेलें मला आढळलें नाहीं: मुळांत विपुल, पण हुकुमानें दुर्मिळ केलेलें.

ज्यांस या कथा वाचावयाच्या असतील त्यांनीं वेल्स यांच्यापासून आरंभ करावा. तें पुस्तक लहान आहे आणि मुलांसही वाचून दाखवितां येतें. ‘ड्यून’ जाडजूड आहे. पहिलीं पन्नास पानें नांवांच्या गर्दीनें जीव कंटाळतो. तेवढी कळ सोसावी, आणि वाचतांना वऱ्हाडचा नकाशा जवळ ठेवावा.