हात आधी की वाणी?



माणसाच्या भाषेचा उगम शोधायचा आणि त्यासाठी आफ्रिकेच्या अरण्यातील वानरांकडे जायचे, हा काय प्रकार आहे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. ही शंका रास्त आहे. भाषेच्या उगमाचा प्रश्न असा निसरडा, की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866 साली या विषयावरील निबंध स्वीकारायचे नाहीत, असे आपल्या नियमांतच लिहून ठेवले. कारण उघड होते. हाडे जमिनीत टिकतात, दगडी हत्यारे टिकतात. उच्चारलेला शब्द मात्र हवेत विरून जातो. पुरावाच नाही म्हटल्यावर ज्याला जे सुचेल ते तो सांगे. कोणी म्हणे, पशुपक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करता करता माणूस बोलू लागला. कोणी म्हणे, वेदनेच्या आणि आनंदाच्या उद्गारांतून भाषा फुटली. आणि काँडियाक या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1746 सालीच असे सुचवले होते की, आधी अंगविक्षेप आणि हातवारे यांची भाषा असावी. वाणी तिच्या आधाराने पुढे वाढली असावी.

ही कल्पना पुढे बराच काळ कल्पनाच राहिली. आज तिच्याविषयी काही पुराव्यानिशी बोलता येते, म्हणूनच मी हा विषय निवडला.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. वानर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवळाच्या शिखरावर बसलेले काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे जनावर येते. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते बिनशेपटीचे वानर होत : चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान. यांच्या गोतातला हुलॉक गिबन आपल्या ईशान्य भारतात आढळतो. यांपैकी कोणीही आपला आजोबा नव्हे. सुमारे साठ-सत्तर लक्ष वर्षांपूर्वी चिंपांझींची आणि आपली वाट एका समान पूर्वजापासून फुटली. तेव्हा नाते आहे ते चुलत घराण्याचे. दोन चुलत घराण्यांत एकच रीत दिसली, तर ती मूळ घरातून आली असावी, असे आपण म्हणतो. शास्त्रज्ञांचा तर्कही एवढाच साधा आहे.

चिंपांझीला माणसासारखे बोलायला शिकवण्याचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेत हेज दांपत्याने 1940 च्या दशकाच्या अखेरीस व्हिकी नावाचे चिंपांझीचे पिल्लू घरात लेकरासारखे वाढवले. अनेक वर्षांच्या कष्टांनंतर तिला जेमतेम चार शब्द कसेबसे उच्चारता आले. पुढे गार्डनर दांपत्याने ध्यानात घेतले की, आपण चुकीचा दरवाजा ठोठावत आहोत. या प्राण्याचा कंठ जड आहे, पण हात चपळ आहे. 1966 साली त्यांनी वॉशू या चिंपांझीला अमेरिकन बहिऱ्यांच्या खुणा शिकवायला आरंभ केला, आणि ती शंभराहून अधिक खुणा शिकली. तेव्हा मोठा गाजावाजा झाला. परंतु हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीवर तसाच प्रयोग केला आणि 1979 साली निष्कर्ष मांडला, की ही वाक्ये नव्हेत. बहुतांशी शिक्षकाची नक्कल आणि खाऊची मागणी आहे.

मग संशोधकांनी प्रश्नच बदलला. आमची भाषा यांना येते का, हे विचारण्याऐवजी, यांचे आपापसांत काय चालते, हे पाहावे. युगांडातील बुडोंगोच्या अरण्यात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी रानटी चिंपांझींचे हातवारे चित्रित केले. 2011 साली त्यांनी किमान 66 निरनिराळ्या खुणांची नोंद प्रसिद्ध केली आणि 2014 साली त्यांतल्या 36 खुणांचे अर्थ लावून दाखवले. आई पिल्लापुढे पायाचा तळवा धरते : चढ पाठीवर. एक चिंपांझी दुसऱ्यासमोर अंग मोठ्याने खाजवतो : ये, केस विंचरू. दुसऱ्याच्या तोंडाजवळ हात नेतो : मला दे. नर पान दातांनी आवाज करीत फाडतो : तो मादीचा अनुनय असतो.

आता कोणी म्हणेल, कुत्राही शेपूट हलवतो. त्यात विशेष ते काय? विशेष हे की, इथे हेतू दिसतो. समोरचा पाहत असेल तर चिंपांझी नि:शब्द खूण करतो. पाठमोरा असेल तर त्याला स्पर्श करतो किंवा आवाज होईल अशी खूण निवडतो. मग थांबून वाट पाहतो. काम झाले की थांबतो. न झाले तर पुन्हा प्रयत्न करतो. कोणाला तरी काही तरी कळवायचे आहे, ही जाणीव हाच तर संभाषणाचा पाया. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच टोळ्यांतील 252 चिंपांझींच्या आठ हजारांहून अधिक खुणा तपासल्या. काही वेळा खुणेला खुणेने उत्तर येते आणि ते आपल्या बोलण्यातल्या सवाल-जबाबाइतक्याच झटपट, हे त्यातून दिसले.

आणखी गमतीची गोष्ट सांगतो. एक-दोन वर्षांच्या मानवी बालकांच्या 52 खुणा संशोधकांनी नोंदवल्या. त्यांतल्या 46 चिंपांझींतही आढळल्या. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साडेपाच हजारांहून अधिक माणसांना चिंपांझी आणि बोनोबो यांच्या खुणांची चलच्चित्रे दाखवून चार अर्थांतून एक निवडायला सांगितले. निव्वळ अंदाजाने शेकडा 25 उत्तरे बरोबर यावीत. ती शेकडा 50 हून अधिक आली. म्हणजे घरातली जुनी बोली आपण पुरती विसरलेलो नाही.

परंतु एवढ्यावरून हाताला जयपत्र देणे उतावीळपणाचे होईल. केनियातील व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे इशारे ओरडतात, हे 1980 सालीच सिद्ध झाले. माकडाचा घसा बोलण्याजोगे ध्वनी काढण्यास समर्थ आहे, कमतरता आहे ती मेंदूच्या ताब्याची, असे 2016 साली दाखवण्यात आले. आजही आपण बोलताना हात स्वस्थ ठेवत नाही. तेव्हा हात आणि कंठ आरंभापासून जोडीनेच चालले असावेत, असे मानणारेही पुष्कळ आहेत, आणि मला ते पटते.

मग माणसात अधिक काय आहे? चिंपांझीच्या बहुतेक खुणा मागणीच्या असतात : दे, ये, थांब, चल. आता आपल्या अंगणातले वर्षाचे मूल आठवा. ते चांदोबाकडे बोट दाखवते आणि आईकडे वळून पाहते. त्याला चांदोबा हातात नको असतो. आईनेही तो पाहावा, एवढीच त्याची इच्छा असते. मागण्याकडून दाखवण्याकडे टाकलेले हे पाऊल लहान दिसते. पण आपल्या साऱ्या कथा, बातम्या आणि शास्त्रे त्याच पावलाच्या पुढच्या वाटेवर आहेत.

या विषयाचा व्यवहाराशी संबंध नाही, असे मात्र समजू नका. 1880 साली मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. वाणी हीच खरी भाषा, असे ठरवून तिने शाळांतून खुणांना हद्दपार करण्याचा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सारेच ऐकू येणारे होते. त्यापायी पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात दाबून ठेवण्यात आले. 1960 साली विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिले की, बहिऱ्यांच्या खुणांना रचना आहे, नियम आहेत; ती पूर्ण भाषा आहे. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीस बहिरी मुले शाळेत एकत्र आली, तेव्हा त्यांनी काही वर्षांत स्वतःच एक नवी हस्तभाषा घडवली. मिलानच्या ठरावाबद्दल तशाच परिषदेने अखेर 2010 साली खेद व्यक्त केला. तेव्हा हाताची भाषा प्राचीन असेल म्हणून ती अप्रगत आहे, असा अर्थ माझ्या व्याख्यानातून कोणी काढू नये. बहिऱ्याची भाषा आणि चिंपांझीची खूण यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे तुमच्या-माझ्या मराठीत आणि चिंपांझीच्या ओरडण्यात.

शेवटी एक दुःखाची गोष्ट. बुडोंगोत लोक हरणा-डुकरांसाठी फास लावतात, आणि त्यांत चिंपांझी अडकतात. कितीएकांची बोटे, पंजे त्यात लुळे पडले किंवा तुटले. फास लावणारा पोटासाठी लावतो. त्याला दुष्ट म्हणून प्रश्न सुटत नाही, आणि म्हणून तिथे फास काढण्याबरोबर लोकांच्या उपजीविकेचाही विचार करावा लागतो. पण जो प्राणी हाताने बोलतो, त्याचा हात जाणे म्हणजे काय, हे आता आपल्याला समजू शकते. आपल्या भाषेच्या जन्माचे साक्षीदार दगडांत नाहीत, ते जिवंत आहेत. साक्ष पुरी होण्याआधी ते नाहीसे झाले, तर पॅरिसच्या मंडळाचा तो नियम आपोआपच पुन्हा लागू होईल.