खेड्याचा कुटुंब-डॉक्टर कसा घडेल?

(नाशिक जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण आरोग्यसेवेचा आराखडा देशापुढे मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ मध्ये या नाशिकलाच झाला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. त्याचबरोबर डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा, यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिने शिक्षण द्यावे, असेही सुचविले. केंद्रे उभी राहिली. समाजाचा वैद्य मात्र अजून पुरेसा घडलेला नाही.

याचे कारण उघड आहे. आपला विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात शिकतो. तेथे त्याला रोगी भेटतो, कुटुंब भेटत नाही. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील एखाद्या क्षयरोग्याचे उदाहरण घ्या. उपचार किमान सहा महिन्यांचा. भातकापणी आटोपली की घरातील माणसे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. केवळ रोग जाणणारा डॉक्टर नोंदवहीत 'उपचार सोडला' असे लिहील. कुटुंब जाणणारा डॉक्टर आधीच विचारील, "कामाला कोठे जाणार?" आणि तेथील केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था करील. हा एक प्रश्न रोग्याचा जीव वाचवू शकतो.

असे शिक्षण अशक्य नाही. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे सुरू केलेल्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि तेथील कुटुंबांशी संबंध ठेवते. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० पासून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अल्पशिक्षित वा निरक्षर अशा त्या स्त्रियांचे काम पाहण्यास पुढे देशोदेशीचे डॉक्टर आले. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला आहे. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, ते १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे.

परंतु हे काम केवळ विद्यापीठाचे नव्हे. डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथे येणारा तरुण डॉक्टर बहुधा बंधपत्राच्या मुदतीपुरता येतो. त्याला राहण्यास नीट जागा नाही, मुलांच्या शाळेची सोय नाही, गावात ओळख नाही. मग मुदत संपताच तो निघून जातो, यात नवल ते काय?

म्हणून पंचायत सदस्यांना विनंती अशी की, नवा डॉक्टर आला की त्याला पाड्यापाड्यांवर घेऊन जावे आणि ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीस आवर्जून बोलवावे. शिक्षकांनी सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावे त्याला कळवावीत. शाळा सोडण्यामागे पुष्कळदा आजार असतो. अधिकाऱ्यांनी त्याच्या निवासाची दुरुस्ती पुढील वर्षावर ढकलू नये. आशाताई व परिचारिका यांना तर गावाची घरे पाठच असतात. डॉक्टरने त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

महाविद्यालय डॉक्टरला पदवी देते. कुटुंब-डॉक्टर त्याला गावच बनविते. ही जबाबदारी आपण उचलावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.